कर्ता कुठे आहे? राज्यशास्त्र आणि मराठी एकाच तासाला शिकवताना

प्रश्न असा आहे: ‘नववी-दहावीला मराठी आणि इतिहास-राज्यशास्त्र असे दोन्ही विषय माझ्याकडे आहेत. निम्म्या वर्गाला धडा वाचून कळत नाही. मग राज्यशास्त्र म्हणजे मी उत्तरं सांगायची, मुलांनी उतरवून पाठ करायची, एवढंच उरतं. दोन्ही विषय एकत्र शिकवता येतील का? अभ्यासक्रम कसा पुरा होणार? आणि मुख्याध्यापकांना काय सांगू?’ प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका सोलापूरच्याच आहेत, नोकरीला दोन वर्षं झालीत.

ताई, दोन्ही विषय एकाच बाईकडे आले हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. मला तर तुमचं नशीब चांगलं वाटतं. मी शहराच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत २७ वर्षं शिकवतेय. त्यातली पहिली ११ वर्षं माझ्याकडे फक्त मराठी होतं, राज्यशास्त्र शेजारच्या वर्गावरचे सर घ्यायचे. त्यांचं म्हणणं, मराठीच्या बाईंनी पोरांना वाचायला शिकवलं नाही. माझं म्हणणं, सर नुसती उत्तरं फळ्यावर लिहून देतात. दोघांचंही खरं होतं. दोन्ही विषय माझ्याकडे आल्यावर भांडायला कोणी उरलं नाही, तेव्हा कुठे डोळे उघडले.

एकत्र शिकवता येतं, पण त्यासाठी एक सवय सोडावी लागते. आपण शिक्षक दयाळू असतो. अवघड वाक्य आलं की ‘म्हणजे काय, तर...’ म्हणून सोपं करून सांगतो. मुलाला अर्थ मिळतो आणि वाक्य तसंच राहतं. पुढे आयुष्यभर त्याच्यापुढे वाक्यच येणार असतं. नोटिशीत, अर्जात, बँकेच्या कागदावर, करारावर. तिथे ‘म्हणजे काय, तर’ म्हणायला बाई नसतात. म्हणून मी अवघड सरकारी मराठी टाळत नाही, तीच वर्गात आणते.

सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेपासून करा. ती प्रत्येक पाठ्यपुस्तकात पुढेच छापलेली असते, परिपाठाला रोज म्हटली जाते, मुलांना तोंडपाठ असते. एकदा नववीत मी विचारलं, ‘यात क्रियापद कोणतं?’ वर्ग गप्प. कोणी म्हणालं ‘निर्धार’, कोणी म्हणालं ‘न्याय’. रोज म्हणतोय ते एकच वाक्य आहे हेच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी माझ्याही नव्हतं. ‘आम्ही’ने ते सुरू होतं आणि पार शेवटी ‘अर्पण करीत आहोत’वर थांबतं. कर्ता पहिल्या ओळीत, क्रियापद शेवटच्या ओळीत, मध्ये सगळा देश. मराठी वाक्याचा स्वभावच असा, क्रियापद येईपर्यंत श्वास धरून ठेवायचा. मुलांचा श्वास ‘समाजवादी’पाशीच सुटतो.

फळ्यावर मी आधी फक्त दोन टोकं लिहिते: ‘आम्ही, भारताचे लोक, ... अर्पण करीत आहोत.’ मग विचारायचं, काय अर्पण करतोय? ‘हे संविधान.’ कोणाला? इथे दर वर्षी गंमत होते. ‘स्वतःप्रत’ आहे ना तिथे. एक मुलगा ठामपणे म्हणाला, ‘बाई, संविधानाची प्रत. झेरॉक्स.’ वर्ग हसला, मी हसले नाही. त्याचं चुकलं कुठे? ‘प्रत’ म्हणजे कॉपी, ‘सत्यप्रत’ त्याने दाखल्यावर पाहिलेली. ‘प्रत’ हे जुनं शब्दयोगी अव्यय आहे, ‘स्वतःप्रत’ म्हणजे स्वतःला, हे त्याला कोण सांगणार? हे एकदा कळलं की राज्यशास्त्राचा अख्खा धडा उलगडतो: देणारे आम्हीच आणि घेणारेही आम्हीच. राजाने दिलं नाही, इंग्रजांनी दिलं नाही. ‘लोकांचे सार्वभौमत्व’ या उत्तरासाठी मी पूर्वी १५ मिनिटं बोलायचे. आता ते एका शब्दाच्या अर्थातून येतं.

मग मधला भाग. ‘निर्धार करून’ला बोट लावायचं आणि विचारायचं, कसला निर्धार? मुलं ‘-ण्याचा’ शोधतात आणि तीन सापडतात: गणराज्य घडविण्याचा, नागरिकांना न्याय-स्वातंत्र्य-समानता प्राप्त करून देण्याचा, बंधुता प्रवर्धित करण्याचा. तीन दोऱ्या एकाच खुंटीला बांधल्यासारख्या. हे सगळं व्हायला दोन तास लागतात. त्या दोन तासांत व्याकरण किती झालं आणि संविधान किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, ‘समाजवादी, धर्मनिरपेक्ष हे शब्द १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने आले म्हणता, पण वाक्यात तर तारीख २६ नोव्हेंबर १९४९ आहे. मग त्या दिवशी कसे काय अर्पण केले?’ पाठ केलेल्या मुलाला हा प्रश्न सुचत नाही. वाक्य वाचलेल्यालाच सुचतो.

आता दुसरा कागद, नळाच्या पाण्याची नोटीस. आपल्या गावात हा विषय मुलांना समजावून द्यावा लागत नाही. कोणत्या पेठेला कधी पाणी येणार याचं वेळापत्रक घराघरांत तोंडपाठ असतं, पाणी आलं की आई पोराला अंथरुणातून उठवते. नोटीस साधारण अशी असते: ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा एक दिवस उशिराने व कमी दाबाने करण्यात येईल. नागरिकांनी याची नोंद घ्यावी व सहकार्य करावे.’ मी हे फळ्यावर लिहून फक्त म्हणते, कर्ता शोधा.

पहिल्या वाक्यात कर्ता सापडत नाही. ‘करण्यात येईल’, पण करणार कोण? मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘पाणी कोण सोडायलंय तेच लिहिलं नाही की ह्यात.’ मग दुसरं वाक्य. तिथे कर्ता लगेच मिळतो: नागरिकांनी. अख्ख्या नोटिशीत काम करणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, नोंद घेणारा आणि सहकार्य करणारा. हे मुलांनी स्वतः शोधलं तेव्हा वर्गात जो कालवा झाला, तो माझ्या कुठल्याच भाषणाने कधी झाला नव्हता.

पण तिथे थांबू नका, नाहीतर नुसती टवाळी होते. पुढचं काम: याच नोटिशीत कर्ता घालून ती परत लिहा. कर्ता घालायचा म्हणजे तो माहीत पाहिजे. एकाने लिहिलं, ‘चावीवाले काका पाणी उशिरा सोडतील.’ मग चावीवाल्याला कोण सांगतं? अभियंता. त्याला? आयुक्त. पाणीपट्टी किती घ्यायची हे कोण ठरवतं? पाणी मुळात येतं कुठून? भीमेवरच्या उजनी धरणातून. मग ते सोडायचं कोण ठरवतं? महापालिकेची रचना पुस्तकात वरून खाली दिलेली असते, महापौर, आयुक्त, समित्या. आम्ही ती नळापासून उलटी चढलो. रचना तीच. पण वहीतली आकृती मुलं विसरतात आणि नळापासूनची विसरत नाहीत, हे मी पुढे दहावीला तीच मुलं आल्यावर तपासून पाहिलंय.

अवघड प्रश्न येतील, त्याची तयारी ठेवा. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिकांत, आपल्याकडेही, काही वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. पुस्तकात ‘नगरसेवक निवडून येतात’ असं वाचून मुलं विचारायची, ‘आमचे कोण?’ मी त्यांना ७४ व्या घटनादुरुस्तीतला २४३ यू हा अनुच्छेद वाचायला दिला. मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं त्यात आहे. ‘मग झाली का नाही?’ इथे मी न्यायालयात काय चाललंय ते वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं आणि माझं मत सांगितलं नाही. मागितलं तरी नाही. मुलं घरी सांगतात बाईंनी काय म्हटलं, आणि घरं सगळ्या पक्षांची असतात.

क्रियापदावर अजून थोडं रेंगाळते, कारण माझ्या मते राज्यशास्त्राचा सगळ्यात मोठा साठा तिथेच आहे आणि तो आपण वाया घालवतो. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यांतला फरक मुलांना तक्त्यात लिहून पाठ असतो. तक्ता बाजूला ठेवा. अनुच्छेद १४ चं क्रियापद वाचायला द्या: राज्य समानता ‘नाकारणार नाही’. मग अनुच्छेद ४४ किंवा ४५ चं: राज्य ‘प्रयत्नशील राहील’. विचारा, तुमच्या बाबांनी ‘सायकल नाकारणार नाही’ म्हटलं तर काय आणि ‘सायकलसाठी प्रयत्नशील राहीन’ म्हटलं तर काय? एक मुलगी लगेच म्हणाली, ‘दुसऱ्यात सायकल येत नसते, बाई.’ तक्त्यातले चार मुद्दे तिने एका वाक्यात सांगून टाकले.

यानंतर शिक्षणाची गोष्ट सांगायची. १९५० मध्ये मोफत व सक्तीचं शिक्षण ‘प्रयत्न करील’च्या रांगेत होतं, तेही दहा वर्षांच्या आत, असं म्हणून. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१ ए आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ते हक्काच्या रांगेत गेलं. त्याचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. एक क्रियापद बदलायला ५२ वर्षं लागली. हे सांगितल्यावर नववीतला एक जण हिशोब करून म्हणाला, ‘मला पंधरावं लागलं. म्हणजे माझा हक्क संपला?’ मी त्याला उत्तर दिलं नाही. ‘सहा ते चौदा’ हे शब्द त्याने बरोबर वाचले होते, एवढंच म्हटलं. त्या आठवड्यात वर्गाने यावर निबंध लिहिला आणि गेल्या कित्येक वर्षांत मी तपासलेले ते सगळ्यात बरे निबंध होते. कोणाच्याही निबंधात ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ नव्हतं.

सोलापूरच्या वर्गाची एक श्रीमंती आहे, ती आपण अडचण म्हणून मोजतो. माझ्या वर्गात निम्म्या घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. स्टाफरूममध्ये यावर ‘घरी मराठी नाही, मग काय करणार’ असा सुस्कारा ऐकू येतो. ज्या वर्षी मी ‘हक्क’ हा शब्द फळ्यावर लिहून ‘घरी याला काय म्हणतात?’ विचारलं, त्या वर्षापासून मी तो सुस्कारा सोडणं बंद केलं. तेलुगूत हक्कु. कन्नडमध्ये हक्कु. उर्दूत हक. ‘अर्ज’ विचारला: अर्जी, अर्जी, अर्जी. ‘तक्रार’: तेलुगू-कन्नड दोन्हीकडे तकरारु, अर्थ जरा सरकलेला, भांडण किंवा हरकत या अंगाचा. राज्यशास्त्राचा निम्मा शब्दसंग्रह मुलं घरून घेऊन आली होती आणि ‘मला मराठी येत नाही’ म्हणून तोंड मिटून बसली होती.

आणि काही शब्द फसवतात, ते तर सोनं. ‘मत’ घ्या. मराठीत मत म्हणजे विचारही आणि पेटीत टाकतो तेही. तेलुगूत ‘मतम्’ म्हणजे धर्म, आणि व्होटला ते ‘ओटु’ म्हणतात. एका मुलीने आजीला विचारून आणलं की मत म्हणजे धर्म, आणि वर्गात भोळेपणाने विचारलं, ‘मतदान म्हणजे धर्म दान करायचा?’ त्यावरून तास कुठल्या कुठे गेला. मत धर्मावर द्यायचं की विचारावर, हे मी विचारलं नाही, मुलंच बोलू लागली. मी फक्त पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत एवढा नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. शब्दांची ही चारभाषी वही माझ्या वर्गात दर वर्षी पुढच्या वर्गाला वारशाने मिळते. चौथी वही चालू आहे.

आता पत्र. मराठीच्या पेपरात मागणीपत्र-विनंतीपत्र असतं आणि मुलं ते कोणाला पाठवतात? ‘मा. व्यवस्थापक, अबक पुस्तकालय’. या अबकने मराठी पत्राचा जीव घेतलाय. आमच्या शाळेच्या मागच्या रस्त्यावरचे दिवे बंद होते. संध्याकाळच्या जादा तासाहून मुली घोळक्याने घरी जायच्या. मी म्हटलं, खरं पत्र लिहू. पहिल्या खेपेला ४० पत्रं आली आणि सगळ्यांत हेच: ‘आमच्या परिसरात दिव्यांची खूप समस्या आहे, तरी आपण लक्ष घालून आमच्यावर उपकार करावेत ही नम्र विनंती.’ आणि माझी घोडचूक अशी की मी ती ४० च्या ४० गठ्ठा बांधून संबंधित कार्यालयात देऊन आले. तिथल्या कारकुनाने वरचं एक वाचलं आणि विचारलं, ‘बाई, रस्ता कुठला ते तर लिहा.’ पंचवीस वर्षांची मराठीची शिक्षिका मी, आणि माझ्या वर्गाच्या एकाही पत्रात रस्त्याचं नाव नव्हतं.

परत आल्यावर वर्गाला खरं सांगितलं. मग सहा जण वही घेऊन रस्त्यावर गेले. विजेच्या खांबांवर रंगाने क्रमांक घातलेले असतात, ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचले. तीन दिवे बंद होते, त्यांचे खांब क्रमांक लिहून आणले. किती दिवसांपासून बंद, हे समोरच्या किराणा दुकानदाराला विचारलं. ४० पत्रांचं एक पत्र झालं, सात ओळींचं. ‘उपकार’ हा शब्द काढायचा की नाही यावर पाऊण तास वाद झाला. एक गट म्हणाला, गोड बोललं तर काम होतं. दुसरा म्हणाला, दिवा लावणं हे त्यांचं काम, उपकार कसला? शेवटी ‘उपकार’ गेला, ‘विनंती’ राहिली. मला दोन्ही बाजू पटल्या होत्या.

पत्र द्यायला दोन मुली माझ्याबरोबर आल्या. त्यांनी पोच मागितली. ‘शाळेचं पत्र आहे, पोच कशाला?’ असं ऐकावं लागलं. मुली उभ्याच राहिल्या. शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. महिना गेला, काही नाही. मग स्मरणपत्र, त्यात ‘संदर्भ: आमचे दि. अमुकचे पत्र, आवक क्र. तमुक’. स्मरणपत्र हा प्रकार पाठ्यपुस्तकात नाही, पण मला विचाराल तर सगळ्या पत्रांत कामाचा तोच. त्यानंतर पंधरा दिवसांत दोन दिवे लागले. तिसरा नाही. वर्गात जल्लोष करायचा की तिसरं पत्र लिहायचं यावर पुन्हा वाद. तोपर्यंत सहामाही आली.

याच ओघात माहितीच्या अधिकाराचा अर्ज वाचायला देते, भरायला नाही. मुलांच्या नावाने अर्ज करून त्यांना कुठल्या भानगडीत उभं करायचं नाही, हे माझं पथ्य आहे, तुम्हीही पाळा. पण वाचायला तो उत्तम आहे. कायदा २००५ चा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत आणखी एक मजा आहे: अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. म्हणजे सारांशलेखनच. दीड पान तक्रार १५० शब्दांत बसवा म्हटलं की मुलांना कळतं की विशेषणं आधी कापायची आणि तारखा शेवटपर्यंत सोडायच्या नाहीत. अकरावी-बारावीला शिकवत असाल तर मतदार नोंदणीचा नमुना ६ आणा. सतरा पूर्ण झालेल्यांना आता आगाऊ अर्ज करता येतो आणि वर्षातून चार अर्हता दिनांक असतात, म्हणजे ज्या तारखेला वय मोजतात त्या तारखा. ‘अर्हता दिनांक’ या दोन शब्दांवर भलेभले अडतात.

शालेय मंत्रिमंडळाबद्दल विचारलं नाहीत, पण सांगते. शपथविधी, बिल्ले, फोटो, आणि मग वर्षभर काही नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा वर्गाची सभा घ्या आणि इतिवृत्त लिहायला लावा. सहलीच्या सभेचं इतिवृत्त एकाने लिहिलं: ‘सहल पंढरपूरला न्यावी असे सर्वानुमते ठरले.’ दुसऱ्या दिवशी ते वाचून दाखवताना एक मुलगी उभी राहिली. ‘मी तर नको म्हटलं होतं. आम्ही तिघी म्हटलं होतं.’ लिहिणारा म्हणाला, ‘तिघींनी काय होतंय?’ मी खडू उचलला आणि सर्वानुमते, एकमताने, बहुमताने असे तीन शब्द लिहिले. इतिवृत्तात दुरुस्ती झाली: ‘बहुमताने ठरले. तीन सदस्यांनी नळदुर्ग सुचवले होते.’ सहल पंढरपूरलाच गेली. पण त्या तिघींची नावं वहीत राहिली, आणि त्यातली एक मला परवा बाजारात भेटली तेव्हा तिने तेच आठवण करून दिलं, सहल नाही.

ज्यांना मुळात अक्षर जोडून वाचता येत नाही अशी पाच-सहा मुलं तुमच्याही नववीत असतील. त्यांना यातून वगळू नका आणि त्यांना पहिलीचं पुस्तकही देऊ नका, पंधरा वर्षांच्या मुलाला त्याची लाज वाटते. वीजबिल द्या. मोठ्या माणसाचा कागद आहे, ठरलेल्या जागी ठरलेले शब्द आहेत, आकडे आहेत. ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’. एकाने विचारलं होतं, ‘वीजेला आकार कसला? गोल का चौकोनी?’ तो प्रश्न विचारला तेव्हा तो मुलगा दोन महिन्यांत वर्गात पहिल्यांदा बोलला होता. घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कराची ओळ असते, १९६२ च्या कायद्याने आलेली. आपल्या घराच्या बिलात शाळेचे पैसे आहेत हे वाचून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. जोडीदार द्या, पण वाचणाऱ्याने वाचून दाखवायचं नाही, फक्त बोट ठेवायचं, हा नियम कडक ठेवा.

एक सावधगिरी मात्र माझ्या हातून घडलेल्या चुकीमुळे सांगते. सुरुवातीला मी ‘घरून बिल आणा’ म्हणायचे. एक मुलगा तीन दिवस आणेना, मी वर्गात बोलले. नंतर कळलं, त्यांच्या खोलीला मीटरच नाही, घरमालकाच्या तारेवर दिवा जळतो. तेव्हापासून माझ्याच घरचं बिल झेरॉक्स करून वाटते. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला यातलं काहीही वर्गात मागवायचं नाही. आई विड्या वळत असेल तर तिच्या मजुरीच्या नोंदीचं पुस्तक मुलांनी घरी वाचावं, आईला वाचून दाखवावं, शाळेत आणू नये. एका मुलीने असं वाचताना बेरजेतली चूक काढली. पुढे काय झालं ते तिच्या आईचं आणि कारखान्याचं, त्यात मी पडले नाही.

स्वातंत्र्याच्या हक्कांचा धडा आला की मुलांना आपल्या ‘चार पुतळ्या’पाशी, म्हणजे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी, घेऊन जा. रोज बसमधून बघतात, वाचत नाहीत. १९३० मध्ये आपल्या गावावर मार्शल लॉ होता आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. कुर्बान हुसेन यांचं ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र होतं. एवढंच सांगून उद्देशिकेतला ‘अभिव्यक्ती’ हा शब्द परत वाचायला लावा.

राहिला अभ्यासक्रम. राज्यशास्त्र दहावीला इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं आहे, दोन्ही मिळून ४० गुणांचा पेपर. एवढ्यासाठी इतका वेळ, असं कोणी म्हणेल. पण मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत, म्हणजे पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, निबंध. तुम्ही वर जे केलं ते सगळं त्या २४ गुणांचंच आहे. मुख्याध्यापकांपुढे हा आकडा ठेवा, ‘उपक्रम’ हा शब्द वापरू नका. उपक्रम म्हटलं की त्यांना फोटो आणि अहवाल आठवतो. सगळे धडे असे होणारही नाहीत. ‘राजकीय पक्ष’ मी सरळ पुस्तकातून घेते आणि पुढे जाते. वर्षातून पाच-सहा धडे असे झाले तरी खूप.

आणि आठवड्यातून एकदा दोन तास जोडून मागा, ३५ मिनिटांत वाक्य सुटत नाही. फक्त शेवटचे दोन घेऊ नका. ज्या पेठेला त्या दिवशी पाणी असतं, तिथली मुलं तोवर घरी पळालेली असतात.